गोठ्यात सौदा करायचा नसतो

रविवारी दुपारी व्यापारी आला, तेव्हा थोरल्याने त्याला गोठ्यात तेवढ्यापुरतंच नेलं. तीन गाई दाखवल्या, दात बघू दिले, कासेला हात लावू दिला, आणि "मग काय म्हणता?" म्हणून व्यापाऱ्याने तोंड उघडलं मात्र, त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं.

"चला, फाटकापाशी बोलू."

"अहो, इथे पंखा आहे. बाहेर ऊन मी म्हणतंय!"

"असू दे. इथे नाही."

ही रीत थोरल्याच्या वडिलांची, आप्पांची. जनावरासमोर त्याचा सौदा करायचा नाही. बघायचं ते बघा, तपासायचं ते तपासा, पण कधी न्यायचं, कुठे न्यायचं, हे सगळं फाटकाबाहेर. जनावराला कळतं, असं आप्पा म्हणायचे, आणि कळलं की ते वैरण सोडतं. बाजारात लोक या गोष्टीवर पोट धरून हसायचे. हसोत बापडे. या गोठ्यातलं जनावर विकलं गेलं तरी भरल्या पोटी गेलं, एवढं मात्र हसणारेही कबूल करायचे. त्यामुळे आप्पा अंथरुणाला खिळले तरी थोरल्याने रीत मोडली नाही. तो आणि व्यापारी पाऊण तास उन्हात उभे राहिले, घामाने निथळले, आणि सौदा उरकला.

थोरली स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तीन गाई जाणार म्हणजे पहाटे तीन धारा कमी. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं जरा वाईटही वाटलं. बावीस वर्षं ती या घराची सून होती. आठ महिन्यांपूर्वी आप्पा पहाटेच्या धारेला बादलीसकट कोसळले, त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि तेव्हापासून गोठा आणि आप्पा अशा दोन दावणी तिच्या एकटीच्या गळ्यात आल्या होत्या.

फाटकाबाहेरचं आटोपून थोरला आत आला, त्याने हातपाय धुतले, आणि मग मुख्य विषय निघाला. त्यासाठीच तर धाकटा शहरातून आला होता आणि त्याच्यामागोमाग नणंदही. ती शाळेत शिकवायची. घरात सगळे तिला मास्तरीण म्हणत. तिच्या पाठीमागे, अर्थात.

"बाहेरच्या खोलीत बसू या," धाकटा म्हणाला.

"मुळीच नाही," मास्तरीण म्हणाली. "आपण आप्पांपाशीच बसू. आपल्याला बाजूला टाकलंय असं त्यांना वाटायला नको."

झालं. थोरलीने आप्पांच्या खोलीत खुर्च्या नेल्या. उन्हात उभं राहून गाईंचा मान राखणारं हे घर, पलंगाभोवती गोल करून बसलं. कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही. थोरलीच्याही नाही.

"मी एक केअर सेंटर बघून आलोय," धाकट्याने सुरुवात केली.

"वृद्धाश्रम म्हण की सरळ."

"ताई, नावाने काय होतं? चोवीस तास नर्स आहे. व्यायाम करून घेणारा माणूस आहे. मागे बाग आहे."

"बाग घेऊन काय करायचंय त्यांना? उभा जन्म शेणात गेला." मास्तरणीचा आवाज चढला. "आणि लोक काय म्हणतील? तीन तीन मुलं असून बापाला बाहेर टाकलं!"

"लोक येतात का रोज कूस बदलायला?"

"मग तू ने."

"माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुझं तळमजल्यावर आहे. तू ने."

मास्तरणीने पदर सारखा केला. "माझी शाळा आहे. ह्यांचं पथ्यपाणी आहे. मला काय बापाची माया नाही का? पण..."

तो 'पण' तिथेच पडला. क्षणापूर्वी एकमेकांवर धावून जाणारे भाऊबहीण आता एका बाजूला झाले आणि दोघांनी थोरल्याकडे तोंड वळवलं.

"दादा, तू बोल ना काहीतरी."

"मी काय बोलू," थोरला म्हणाला. "तुम्ही बघा."

लग्न झाल्यापासून थोरली ही दोन वाक्यं ऐकत आली होती. नवरा गोठ्यात गेला की कालवडीला नाव घेऊन हाका मारायचा, आणि घरात आला की तोंडात गुळणी धरून बसायचा. बापावर गेला होता, दुसरं काय.

"आणि हे बघ," धाकटा आवाज खाली आणून म्हणाला, "आप्पांना आता कुठे काय कळतंय? इथे काय नि तिथे काय, त्यांना सारखंच."

हे खोटं होतं आणि थोरलीला ते माहीत होतं. उशी वर घेऊ का म्हटलं की आप्पा डोळे मिटून हो म्हणायचे. दूध आंबलं असेल तर डाव्या हाताने पेला सारायचे. तिने हे त्या क्षणी सांगायला हवं होतं. ती बोलली नाही. कारण तेवढ्यात मास्तरीण तिच्याकडे वळली होती.

"वहिनी, तू सांग. करतेस तू, झिजतेस तू. तुझ्या शब्दाबाहेर आम्ही नाही."

बावीस वर्षांत या घरात कोणी तिला असं विचारलं नव्हतं. दावण कुठे हलवायची, कालवड ठेवायची की विकायची, पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं ठरून तिच्या कानावर यायचं. आप्पा तर तिच्याशी थेट बोलतच नसत. "तिला सांग, चहा टाक म्हणावं," असं तिच्यासमोर उभं राहून नवऱ्याला सांगायचे. आणि हाच माणूस गाईच्या कानाशी तोंड नेऊन अर्धा अर्धा तास गप्पा मारायचा. तिला विचारल्याबरोबर उत्तर तोंडात आलं. ते कधीपासूनच तयार असावं.

"पाठवा," ती म्हणाली.

थोरल्याने मान वर केली.

"मी थकले. पाठवा त्यांना."

मग सगळंच सोपं झालं. धाकट्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि पुढच्या रविवारी घेऊन येतो म्हणून सांगितलं. मास्तरणीने कपडे कोणते द्यायचे ते बोटांवर मोजलं आणि जरा डोळेही पुसले. चहा झाला. आप्पा छताकडे बघत होते.

सोमवारी सकाळी थोरली दुधात पाव कुस्करून घेऊन गेली, तर आप्पांनी तोंड उघडलं नाही.

तिला वाटलं, झोपेत असतील. अर्ध्या तासाने पुन्हा गेली. ओठ घट्ट. दुपारी मऊ भात नेला, तोच प्रकार. पाणी मात्र घेत होते, दोन-चार घोट. मंगळवारी माणसांचा डॉक्टर येऊन गेला. त्याने घसा बघितला, जीभ बघितली, आणि घशाला काहीही झालेलं नाही असं सांगून गेला. "नसेल इच्छा. या वयात होतं असं," एवढं त्याचं ज्ञान. मास्तरीण सुट्टी टाकून राहिली होती. ती चमचा घेऊन बसली, गोड बोलली, मग रागावली, मग वर्गातल्या पोरांना घालते तशी शपथ घातली. आप्पांनी बापाच्या मायेने नाही की रागाने नाही, नुसतं तिच्याकडे बघितलं.

"हट्ट आहे नुसता," ती बाहेर येऊन म्हणाली. "पहिल्यापासून हेकट. आईचंही असंच डोकं फिरवायचे."

बुधवारी एका गाईची कास सुजली म्हणून ढोरांचा डॉक्टर आला. तो आप्पांचा तीस वर्षांचा दोस्त. सुई टोचून झाली, हात धुऊन झाले, आणि नेहमीसारखा तो आप्पांच्या खोलीत डोकावला. पलंगाशी जरा वेळ उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"किती दिवस खाल्लं नाही?"

"आज तिसरा," थोरला म्हणाला.

"याच्यासमोर कोणी काही बोललं का?"

थोरलीने हातातली बादली खाली ठेवली. तिच्या आणि नवऱ्याच्या डोक्यात एकाच वेळी लख्ख उजेड पडला. तीन गाईंसाठी पाऊण तास ऊन खाल्लं, आणि बापाचा दिवस, वार, जागा, सगळं त्याच्या उशाशी बसून ठरवलं. चहा पीत.

थोरला भिंतीला टेकला. "खरंच कळतं का हो जनावराला?" त्याने विचारलं. चाळीस वर्षं ज्या रीतीने जगला, तिच्याबद्दल हा प्रश्न त्याने आज पहिल्यांदा विचारला.

"भाषा नाही कळत. तुझा बाप म्हणतो तसं काही नसतं," डॉक्टर म्हणाला. "पण विकायचं ठरलं ना, की माणसाचा हात बदलतो. रोज पाठीवर थाप मारणारा मारत नाही. डोळ्याला डोळा देत नाही. नाहीतर उगीच जास्तीचे लाड करतो. ते जनावराला बरोबर कळतं. आणि याला तर बाबा, हातही कळतो आणि भाषाही कळते."

डॉक्टर गेल्यावर थोरला अंगणात दोन फेऱ्या मारून आला आणि बायकोला म्हणाला, "नाही पाठवायचं. मी धाकट्याला सांगतो." नवऱ्याने स्वतःहून काही ठरवायची ही पहिलीच वेळ. एरवी थोरलीला त्याचं कौतुक वाटलं असतं. पण खरं सांगायचं तर आज नाही वाटलं. गेले तीन दिवस ती मनातल्या मनात पहाटे सहापर्यंत झोपत होती, पोरीकडे होस्टेलवर जाऊन चार दिवस राहत होती. ते सगळं गेलं.

"सांगा," ती म्हणाली.

मग सगळ्यांनी मिळून आप्पांची समजूत काढायचं ठरवलं. मास्तरीण पलंगावर बसली. "आप्पा, अहो आम्ही गंमत करत होतो! तुम्हाला कोण कुठे पाठवतंय?" धाकट्याने फोनवरून मोठ्याने सांगितलं, "आप्पा, मी नुसती चौकशी केली होती हो. खा बघू आता." आप्पा ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने पलंगाची कड धरली, जोर लावला, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आठ महिन्यांत स्वतःची कूस त्यांनी स्वतः बदललेली कोणी पाहिली नव्हती.

गुरुवारी दुपारी मास्तरीण पडली होती, थोरला डेअरीवर दूध घालायला गेला होता. थोरली वाटी घेऊन आप्पांच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. आधी त्यांची कूस बदलली. आजाराने खाली बसलेल्या गाईला दर दोन तासांनी वळवायचं असतं, नाहीतर अंगाखालचं मांस कुजतं. हे तिला आप्पांनीच शिकवलं होतं, म्हणजे नवऱ्याला सांगितलं होतं आणि तिने ऐकलं होतं. आठ महिन्यांत आप्पांच्या पाठीला एक जखम झाली नव्हती. आता ते हलके लागले. चार दिवसांत बरंच वजन गेलं होतं.

तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या तोंडासमोर बसली.

"गंमत कोणी करत नव्हतं," ती म्हणाली. "पाठवा असं मी म्हटलं. बाकीचे नुसते बोलत होते. माझ्या तोंडातून निघालं तेव्हा ठरलं. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे."

आप्पांचे डोळे तिच्यावर आले.

"मला माहीत होतं तुम्हाला ऐकू जातंय. तरी म्हटलं." आता ती थांबायला तयार नव्हती. "तुमची ती बांडी गाय आठवते? तिचं वासरू मेलं तेव्हा तुम्ही तीन दिवस तिच्याजवळ पोतं टाकून बसला होता. जेवणसुद्धा तिथेच. गेलं ते गेलं, बाई, असं म्हणत होता तिला. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. कारण मी आत पडून होते. माझं सहाव्या महिन्यात गेलं होतं, दहा दिवस झाले होते. तुम्ही माझ्या दारापर्यंतसुद्धा आला नाहीत, आप्पा."

बाहेर एक गाय हंबरली. थोरलीने डोळे पुसले नाहीत.

"तुम्हाला माया करता येत नसती ना, तर मी सोडून दिलं असतं. म्हटलं असतं, नसतं एखाद्याला. पण येत होती. चांगली येत होती. गाय उलट बोलत नाही, मागत नाही, तिच्याजवळ बसणं सोपं असतं. मी काय तुम्हाला खाणार होते का? एक शब्द बोलला असतात तर मी जन्मभर तुमचे पाय धुतले असते. तसंही धुतेच आहे म्हणा."

ती स्वतःशीच जरा हसली, आणि मग हसू विझलं.

"आता तुम्ही कुठे जात नाही. फोन झालाय, ते पक्कं आहे. पण मी तुम्हाला आनंदाने ठेवून घेतेय असं खोटं सांगणार नाही. मी थकलेय. उद्याही थकलेलीच असेन. तरी कूस बदलेन. एवढंच सांगायचं होतं."

बोलून झालं. बावीस वर्षांत दोघांच्यात एवढं बोलणं झालं नव्हतं, आणि झालं ते असं एकतर्फी. तिने वाटी उचलली, नेहमीची सवय म्हणून चमचा भरला आणि त्यांच्या ओठांशी नेला. उघडतील अशी आशा तिला नव्हती.

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं.

घास आत गेला. गिळायला त्यांना फार कष्ट पडले. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. थोरलीने दुसरा चमचा भरला. तोही त्यांनी घेतला, तसाच, रेटून. तिसऱ्याला त्यांनी ओठ मिटले. सोमवारसारखे आवळून नाही, सैलच. डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला आणि वाटी हळूच बाजूला सारली. पुरे.

थोरली वाटी धरून बसून राहिली. भूक तिला ओळखता यायची. त्यात तिची हयात गेली होती. भुकेलं जनावर असेल तर त्याचे कान, जबडा, लाळ सगळं आधी बोलतं. आप्पांच्या तोंडाला भूक नव्हती. ते खाण्यापासून कधीच दूर निघून गेले होते, आणि तिने सांगितलेल्या कशानेही परत येणार नव्हते. वैरण सोडलेल्या किती गाईंना तिने ओंजळीतून चारायचा प्रयत्न केला होता! एखादी खायची, एखादी नाही खायची. पण भरवणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून एकीनेही कधी घास घेतला नव्हता. जनावर स्वतःच्या पोटासाठी खातं. हे दोन घास आप्पांनी तिच्यासाठी खाल्ले होते. तिच्या दारापर्यंत यायला त्यांना इतकी वर्षं लागली.

तिला रडू फुटलं, आणि या खेपेला तिने ते आवरलं नाही. आप्पांचा हात तिच्या मनगटावर तसाच होता.

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा मास्तरीण उठली होती आणि थोरला नुकताच दूध घालून परतला होता. मास्तरणीने आधी वाटीत डोकावून बघितलं.

"खाल्लं?"

"दोन चमचे."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? हट्टच होता तो. आता संध्याकाळी चार खातील, उद्या वाटीभर." ती लहान मुलीसारखी टाळी वाजवून आत पळाली, "आप्पा, शाबास!" म्हणत.

थोरल्यानेही सुस्कारा सोडला आणि खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. थोरली त्याच्याजवळ गेली.

"धाकट्याला भेटायला बोलावून घ्या," ती हळू आवाजात म्हणाली. "आजच निघ म्हणावं."

"अगं, पण खाल्लं ना त्यांनी?"

"हो," थोरली म्हणाली. "म्हणूनच म्हणतेय."